दांडा आणि कळ

चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणारे वाहन आपल्याकडे मुख्यतः जीपच्या रूपाने परिचित झाले. परंतु अमेरिकेत, जेथे शेतकरी, लाकडाचे ठेकेदार, तेलविहिरींवरचे कामगार आणि हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ हटविणारे कंत्राटदार यांच्या नित्याच्या वहिवाटीत ही यंत्ररचना शिरली, तेथे तिचा खरा संसार पिकअप ट्रकच्या, म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या मालवाहू गाडीच्या, पोटाखाली थाटला गेला. त्या रचनेतील एका लहानशा भागाविषयी तेथे गेली कित्येक वर्षे मतभेद चालू आहे. पुढच्या चाकांना कामास लावण्याचा हुकूम चालकाने केबिनच्या तळातून वर आलेल्या लोखंडी दांड्याने स्वतःच्या हाताने बजावावा, की डॅशबोर्डवरची कळ फिरवून ते काम विजेच्या मोटारीकडे सोपवावे, हा तो प्रश्न. वरवर पाहता तो सोयीचा आणि आवडीनिवडीचा वाटतो. परंतु यंत्राच्या पोटात काय घडले याची खातरजमा कोणी आणि कशी करावयाची, आणि यंत्र अडून बसले असता माणसाच्या हाती कोणता उपाय उरतो, या दोन गोष्टींशी तो निगडित असल्यामुळे त्याचा विचार सविस्तर करणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की बहुतेक पिकअपमधील चार चाकांची चालना ही नित्य नसून नैमित्तिक असते. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवरच धावते. पुढची दोन चाके प्रसंगापुरती जोडावयाची आणि प्रसंग सरताच सोडावयाची, असा तिचा रिवाज. याचे कारण भूमितीत आहे. वळणावर गाडीची चारही चाके चार निरनिराळ्या त्रिज्यांच्या वर्तुळखंडांवरून जातात, आणि पुढच्या जोडीला मागच्या जोडीहून अधिक अंतर कापावे लागते. एकाच अ‍ॅक्सलवरच्या डाव्या आणि उजव्या चाकांमधली तफावत डिफरन्शियल सांभाळून घेते. पण पुढे जाणारा शाफ्ट आणि मागे जाणारा शाफ्ट हे परस्परांस घट्ट जखडले गेले की त्या दोहोंमधली तफावत सांभाळणारे कोणीच उरत नाही. वाळूवर, चिखलात किंवा बर्फावर टायर किंचित घसरतो आणि हिशेब तेथल्या तेथे चुकता होतो. कोरड्या डांबरावर मात्र टायर घसरावयास राजी नसतो. त्यामुळे शाफ्टांत पीळ साठत जातो, स्टिअरिंग जड होते, वळणावर गाडी अडखळते, आणि हा पीळ मर्यादेबाहेर गेला तर साखळी, सांधा किंवा दाते यांपैकी जे दुर्बळ असेल ते बळी पडते. म्हणून जोडण्याइतकेच सोडणेही महत्त्वाचे, आणि म्हणूनच या जोडण्या-सोडण्याच्या साधनाला एवढे महत्त्व.

ही जोडणी एका ठिकाणी होत नाही. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची एक पेटी असते. इंजिनाची शक्ती तेथे दुभंगून पुढच्या आणि मागच्या शाफ्टाकडे जाते. तिच्यात बहुधा चार स्थिती असतात: केवळ मागची चाके चालविणारी टू-हाय, चारही चालविणारी फोर-हाय, काहीच न जोडणारी न्यूट्रल, आणि वेग कमी करून जोर वाढविणारी फोर-लो. फोर-लोचे प्रमाण अनेक आधुनिक पेट्यांत 2.72 असते, म्हणजे चाकांचा वेग तेवढ्या पटीने घटतो आणि त्यांच्यापाशी पोहोचणारा पीळ-जोर तेवढ्याच पटीने वाढतो. खडकाळ चढ, नदीचे पात्र किंवा ओढून काढावयाचे ओंडके यांच्यासाठी हीच स्थिती उपयोगी. परंतु पेटीत पुढचा शाफ्ट सोडला तरी पुढची चाके जमिनीवर फिरतच असतात, आणि ती आपल्याबरोबर पुढचा अ‍ॅक्सल, त्यातील दाते आणि तो शाफ्टही विनाकारण फिरवीत राहतात. इंधन वाया जाते, झीज होते. ते टाळण्यासाठी चाकाच्या हबमध्ये किंवा पुढच्या अ‍ॅक्सलवर आणखी एक सोडवणूक ठेवावी लागते. पेटी आणि हब ही दोन ठाणी लक्षात ठेवली, तर पुढचा सारा इतिहास उलगडणे सोपे जाते.

त्या इतिहासाचा आरंभ विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल या लहान गावी होतो. तेथील ओटो झॅकॉव आणि विल्यम बेसर्डिच या नात्याने मेव्हणे असलेल्या दोघा कारागिरांनी, वळणाऱ्या पुढच्या चाकांनाही शक्ती पोहोचवील अशा सांध्याचे पेटंट 1908 साली मिळविले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने युरोपच्या चिखलात राबले. दुसऱ्या महायुद्धासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून 6 लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या, तेव्हा ही विद्या सामान्य सैनिकाच्या हाती आली. जीपच्या तळातून तीन दांडे वर येत: एक नेहमीच्या गिअरचा, दुसरा पुढचा अ‍ॅक्सल जोडण्याचा आणि तिसरा जलद व मंद गतीचा. यातील शेवटच्या दोहोंमध्ये एक नियम लोखंडात घालून दिलेला होता. पुढचा अ‍ॅक्सल जोडल्यावाचून मंद गतीचा दांडा जागेवरून हलतच नसे. कारण मंद गतीत वाढलेला सारा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर पडला तर त्याचा निभाव लागणे कठीण. हा निर्बंध पाळण्याचे काम दोन सळयांमध्ये बसविलेला एक लहानसा पोलादी तुकडा करी. दांड्याच्या गाड्यांत चालकाला पूर्ण मुखत्यारी असते आणि कळीच्या गाड्यांत ती संगणक हिरावून घेतो, असा जो समज आज पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो, तो या पोलादी तुकड्यामुळे अर्धाच खरा ठरतो. चालकाच्या इच्छेला मर्यादा घालणारी योजना पहिल्या जीपपासून होती. फरक इतकाच की ती तेव्हा डोळ्यांनी पाहता येत असे, आणि आपण काय पत्करीत आहोत हे ठाऊक असलेला मनुष्य ती पान्यांनी काढूनही टाकू शकत असे.

युद्ध संपताच हे तंत्र नागरी कामास लागले. 1946 मध्ये डॉज कंपनीने आपल्या लष्करी ट्रकचे नागरी रूप पॉवर वॅगन या नावाने विकावयास काढले. 1948 मध्ये सिअ‍ॅटलच्या परिसरात आर्थर वॉर्न यांनी युद्धातून उरलेल्या जीपगाड्यांसाठी हबची कुलपे बनविण्यास प्रारंभ केला, त्यामुळे पुढच्या चाकावरची लहान चकती हाताने फिरवून चाक आणि अ‍ॅक्सल यांचा संबंध जोडता किंवा तोडता येऊ लागला. शेवरोलेने 1957 साली मिनिआपोलिसच्या नॅपको कंपनीची चार-चाकी सामग्री आपल्याच कारखान्यात बसवून देण्यास सुरुवात केली, आणि 1959 च्या ट्रकांपासून फोर्डनेही ही रचना स्वतःच्या कारखान्यातून दिली. त्यानंतरची सुमारे पंचवीस वर्षे दांड्याचा अंमल निर्वेध चालला.

त्या काळातील पेट्यांत न्यू प्रोसेस कंपनीच्या 205 क्रमांकाच्या पेटीचे नाव आजही आदराने घेतले जाते. बिडाचे जाड कवच, साखळीचा मागमूस नाही, दाते थेट दात्यांत बसलेले, मंद गतीचे प्रमाण 1.96, जनरल मोटर्स, फोर्ड आणि डॉज या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांनी ती वापरली, यावरूनच तिच्या योग्यतेची कल्पना यावी. अशा पेटीचा दांडा ओढला असता काय घडते ते पाहण्यासारखे आहे. दांड्याच्या खालच्या टोकाला जोडलेली सळई एक काटा सरकविते. तो काटा दातेरी कड्याच्या खाचेत बसलेला असतो. कडे सरकून शेजारच्या दात्यांवर चढते, आणि दोन शाफ्ट एक होतात. हात आणि दाते यांच्यामध्ये लोखंडावाचून दुसरे काहीच नसल्यामुळे दात्यांची प्रत्येक हालचाल हाताला कळते. दाते समोरासमोर येऊन अडले तर दांडा अर्ध्यावर थांबतो. गाडी हातभर पुढे घेतली की तो आपण होऊन आत बसतो. पीळ साठलेला असेल तर दांडा सुटत नाही, आणि थोडे मागे जाताच सैल होतो. अंधारात दाराची कडी कोयंड्यात गेली की नाही हे पाहावे लागत नाही, हाताला ते कळते, तशातलाच हा प्रकार. दांड्याच्या पक्षाने आजवर जे जे युक्तिवाद केले, त्यांत मला हा सर्वांत भक्कम वाटतो. स्वस्तपणा आणि टिकाऊपणा या गोष्टी त्यानंतर येतात.

परंतु दांड्याचे दोषही तितकेच खरे आहेत, आणि ते जुन्या काळाच्या ममतेपोटी झाकून ठेवणे योग्य होणार नाही. केबिनच्या तळाला भोक पाडावे लागते; त्यातून धूळ, गारठा आणि पेटीचा आवाज वर येतो. रुंद बाकावर तिघे बसले असता मधल्याच्या पायांची अडचण होते. उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाडीखालच्या सांध्यांना आणि सळयांना खाते, आणि अनेक हिवाळे काढलेल्या गाडीत दांडा जागचा न हलण्याचे प्रसंग येतात. सांध्यांतील बुश झिजले की दांडा पुढे गेलेला दिसतो, पण कडे पुरते सरकलेले नसते, आणि चढावर जोर पडताच ते सुटून येते. सर्वांत मोठा त्रास हबचा. हाताने फिरवावयाची कुलपे असलेल्या गाडीत केवळ दांडा ओढून भागत नाही. गाडीतून उतरून दोन्ही चाकांच्या चकत्या फिरवाव्या लागतात, आणि ती गरज बहुधा चाके गुडघाभर चिखलात किंवा बर्फात रुतल्यावरच आठवते. अनुभवी शेतकरी हिवाळ्याच्या आरंभीच हब लावून टाकतो आणि वसंत ऋतूत ते सोडतो. मग मधल्या काळात दांड्यावर काम भागते. पण ज्या गृहिणीला पहाटे मुलांना शाळेत सोडावयाचे आहे, किंवा ज्या परिचारिकेला रात्रपाळीहून परतताना अचानक बर्फ लागला आहे, तिच्याकडून ही व्यवस्था पाळली जावी अशी अपेक्षा धरणे मला न्याय्य वाटत नाही.

हा त्रास चुकविण्याचे प्रयत्न कळ येण्यापूर्वीच सुरू झाले होते. 1970 नंतरच्या दशकाच्या मध्यास मोठ्या पिकअपमध्ये सदासर्वकाळ चारही चाके चालविणाऱ्या पेट्या बसविल्या गेल्या. त्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टांमध्ये डिफरन्शियल असल्यामुळे डांबरावर पीळ साठत नसे, पण तेलसंकटाच्या त्या वर्षांत त्यांचा इंधनखर्च लोकांना परवडला नाही आणि कारखान्यांनी ती तजवीज मागे घेतली. मग आपोआप जुळणारे हब आले. अ‍ॅक्सल फिरू लागला की ते जुळत; सोडण्यासाठी मात्र दांडा टू-हायवर घेऊन गाडी सुमारे तीन मीटर उलट न्यावी लागे. आता चिखलात रुतलेली गाडी मनुष्य कशी काढतो? थोडी पुढे, थोडी मागे, अशी हेलकावून. दिशा बदलताच यांतील काही हब नेमके त्याच घटकेस सुटत, आणि ज्या कामासाठी ते होते त्यात धोका देत. अशा हबांच्या जागी हाताने फिरवावयाचे हब बसवून घेणाऱ्यांची संख्या अमेरिकेत मोठी होती, ती उगाच नव्हे.

दुसरा मार्ग निर्वाताचा. इंजिन हवा आत ओढते तेव्हा निर्माण होणाऱ्या निर्वाताचा उपयोग करून, रबरी नळ्यांच्या द्वारे पुढच्या अ‍ॅक्सलवरचे कडे सरकविण्याची योजना अनेक कंपन्यांनी केली. शेवरोलेच्या लहान एस-10 पिकअपमध्ये हे निर्वात-यंत्र बॅटरीच्या तबकाखाली बसविले होते, आणि बॅटरीतून पाझरलेले आम्ल वर्षानुवर्षे त्याच्यावर पडून ते कुजत असे. 1988 पासूनच्या मोठ्या शेवरोले आणि जी. एम. सी. ट्रकांत आणखी एक विलक्षण योजना होती: विजेने एक पदार्थ तापवावयाचा, त्याच्या प्रसरणाने दट्ट्या बाहेर यावयाचा आणि त्याने अ‍ॅक्सल जोडावयाचा. कल्पना चतुर खरी, पण तापण्यास वेळ लागे, आणि कडाक्याच्या थंडीत, म्हणजे गरज सर्वांत अधिक तेव्हा, हा वेळ वाढे. पुढे त्याच जागी साधी विजेची मोटार आली.

या मधल्या काळाकडे वादी-प्रतिवादी दोघेही दुर्लक्ष करतात, आणि म्हणूनच त्यावर थोडे रेंगाळणे मला आवश्यक वाटले. वर सांगितलेल्या कित्येक गाड्यांच्या केबिनमध्ये दांडाच होता. चालक तो अभिमानाने ओढी, पेटीतील कडे त्याच्या हाताने सरकेही. पण पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा शेवटचा टप्पा एखाद्या तडकलेल्या रबरी नळीच्या स्वाधीन असे. 1994 नंतरच्या डॉज ट्रकांत ही अडचण इतकी सार्वत्रिक झाली की निर्वात-यंत्र काढून टाकून त्याच्या जागी हाताने ओढावयाची केबल बसविण्याची सामग्री बाजारात स्वतंत्रपणे विकली जाऊ लागली. तेव्हा गाडीत दांडा आहे एवढ्यावरून ती हाताने चालणारी आहे असे ठरत नाही. हातापासून चाकापर्यंत आज्ञा कोणकोणत्या ठाण्यांवरून जाते हे गाडीखाली वाकून पाहिल्यावाचून या वादात मत देणे व्यर्थ आहे.

आता कळीकडे वळू. फोर्डने 1980 नंतरच्या दशकाच्या मध्यास रेंजर पिकअप आणि तिच्याच जातीची ब्रॉन्को-2 यांत बटण दाबून चार चाके जोडण्याची सोय दिली, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ती सर्वत्र पसरली. डॅशबोर्डवरची कळ स्वतः काहीच हलवीत नाही. ती केवळ मागणी नोंदविते. नियंत्रक यंत्रणा गाडीचा वेग, गिअरची स्थिती, ब्रेक किंवा क्लच दाबलेला आहे की नाही, यांचे दाखले तपासते, आणि ते समाधानकारक असतील तरच ट्रान्स्फर केसच्या पाठीवर बसविलेल्या लहान मोटारीस वीज सोडते. ती मोटार दात्यांच्या साह्याने आपला वेग घटवून एक खाचेदार शाफ्ट फिरविते, त्या खाचेबरोबर काटा सरकतो, आणि पुढचे काम जुन्या पेटीत होई तसेच होते. धावत्या गाडीत मागचा शाफ्ट फिरत असतो आणि पुढचा स्तब्ध असतो. म्हणून बोर्ग-वॉर्नर कंपनीच्या अशा पेट्यांत एक विद्युतचुंबकीय क्लच आधी पुढच्या शाफ्टाला मागच्याच्या वेगावर आणतो आणि मगच कडे सरकते. अनेक रचनांत मोटार काट्याला थेट न ढकलता एका स्प्रिंगवर ताण देऊन ठेवते, आणि दाते जुळताच काटा पुढे जातो. काम पुरे झाले की नाही हे मोटारीपाशी बसविलेला स्थितिदर्शक नियंत्रकाला कळवितो, आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लुकलुकत राहिला तर बदल अजून पुरा झालेला नाही असे समजावे.

या व्यवस्थेचे गुण मोठे आहेत. फोर-लोसाठी गाडी ताशी पाच किलोमीटरच्या आत आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा अशी अट बहुतेक कंपन्यांनी घातलेली असते. दांड्याच्या गाडीत ही अट सूचना-पुस्तिकेत छापलेली असे आणि अधीर मनुष्य ती मोडून दाते खरवडी, कळीच्या गाडीत ती मोडता येत नाही. चालकाला गाडीतून उतरावे लागत नाही. शिवाय गाडी घसरू लागली असता प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावून तिला सावरणारी जी यंत्रणा अमेरिकेत 2012 पासूनच्या हलक्या वाहनांना कायद्याने बंधनकारक झाली, तिला चार चाके जोडलेली आहेत की नाहीत हे सतत ठाऊक असावे लागते, आणि विजेच्या व्यवस्थेत ती माहिती आयतीच उपलब्ध असते. 1990 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल मोटर्सने आपल्या ट्रकांत ‘ऑटो’ ही आणखी एक स्थिती आणली. मागची चाके घसरू लागताच पुढची आपोआप मदतीस येतात आणि पकड मिळताच बाजूला होतात. कोठे ओला, कोठे कोरडा, कोठे काचेसारखा गोठलेला अशा रस्त्यावर ही स्थिती जे करते ते कोणताही हात दांड्याने करू शकणार नाही.

परंतु जेथे दाखला मिळाल्यावाचून काम होत नाही, तेथे खोटा दाखलाही अडवणूक करू शकतो. गाडीखालच्या जोडांत पाणी आणि मीठ शिरून तारा गंजतात. स्थितिदर्शक झिजून चुकीची वर्दी देतो. आणि सारी दंतचक्रे ठणठणीत असताना गाडी केवळ संशयापायी पुढची चाके जोडण्याचे नाकारते. याहून गंभीर प्रकार न्यूट्रलचा. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये गेली की इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटतो, आणि ऑटोमॅटिक गिअर ‘पार्क’मध्ये ठेवलेला असला तरी गाडी उतारावर सुटू शकते. 2014 साली जनरल मोटर्सला अमेरिकेत सुमारे 4 लाख पिकअप आणि मोठ्या गाड्या याच कारणासाठी परत बोलवाव्या लागल्या. चालकाने कळीला हात न लावता पेटी न्यूट्रलमध्ये जाण्याचा संभव त्यांत आढळला होता, आणि उपाय म्हणून नियंत्रकातील सॉफ्टवेअर बदलावे लागले. झिजलेला दांडाही गिअरमधून सुटतो हे वर आलेच आहे. पण तो सुटतो तेव्हा चालकाच्या डोळ्यांदेखत आणि कोपराजवळ सुटतो.

बिघाड झाला तर गाडी कोणत्या बाजूला कलंडावी, याचा विचार आरेखन करणाऱ्याने आधीच केलेला असावा लागतो. फोर्डच्या 2004 पासूनच्या एफ-150 मध्ये हबची रचना उलटी केलेली आढळते: निर्वात आहे तोवर हब सुटलेला, निर्वात गेला की जुळलेला. नळी फुटली तर गाडी चार चाकांपासून वंचित राहू नये हा त्यातील हेतू स्तुत्य होता. अनुभव असा की नळी किंवा झडप गळू लागली की निर्वात पुरता जात नाही, केवळ दुबळा होतो. मग हब अर्धवट जुळतो आणि दाते एकमेकांवर घासून करकरू लागतात. हेतू चांगला असूनही मधली स्थिती विचारात घ्यावयाची राहिली, असे माझे मत आहे.

याच कंपनीच्या मोठ्या सुपर ड्यूटी ट्रकांत मात्र या वादाचा जो निकाल लावलेला दिसतो तो मला अधिक समंजस वाटतो. 1999 पासूनच्या या ट्रकांना न्यू व्हेंचर कंपनीची एकच पेटी दोन रूपांत मिळे: 271 क्रमांकाची दांड्याने चालणारी आणि 273 क्रमांकाची मोटारीने चालणारी. आतील साखळी आणि 2.72 चे प्रमाण एकच. भेद फक्त काटा कोणी सरकवावयाचा याचा. कळीच्या गाडीत हब निर्वाताने आपोआप जुळत, पण चाकावरची चकती कायम ठेवलेली होती. ती एरवी ‘ऑटो’वर असे, आणि निर्वाताने दगा दिला तर उतरून ती ‘लॉक’वर फिरविता येई. यंत्राच्या मुखत्यारीखाली माणसाचा हात जामीन म्हणून ठेवणारी ही तरतूद खर्चाने लहान आणि उपयोगाने फार मोठी होती.

दांड्याच्या आणि हाताच्या हबच्या गाडीची एक सवलत मात्र कळीच्या गाडीला सहसा मिळत नाही, आणि अवजड ट्रेलर ओढणाऱ्यांना तिची किंमत ठाऊक आहे. हब सुटलेले ठेवून दांडा फोर-लोवर घेतला तर मंद गती मिळते, पण पुढची चाके मोकळीच राहतात. घोड्यांचा किंवा बोटीचा ट्रेलर अरुंद, कोरड्या अंगणात मुंगीच्या गतीने मागे न्यावयाचा असतो. नेहमीच्या गिअरमध्ये क्लच जळतो, आणि चारही चाके जोडली तर वळणावर पीळ बसतो. ही मधली वाट तेथे अचूक उपयोगी पडते. अर्थात जोर सारा मागच्या अ‍ॅक्सलवर पडत असल्यामुळे ती हळुवार कामासाठीच वापरावी; जीपमधील तो पोलादी तुकडा याच भीतीने घातलेला होता.

आपल्याकडे या वादाची छाया आता आता पडू लागली आहे. पिकअपमध्ये 2016 पासून विकली गेलेली इसुझूची व्ही-क्रॉस आणि 2022 मध्ये आलेली टोयोटाची हायलक्स या दोन्ही गाड्यांत चार चाकांसाठी फिरती कळ आहे. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्र थारच्या 2020 च्या आवृत्तीत दांडा होता; 2024 मध्ये आलेल्या थार रॉक्समध्ये त्याची जागा कळीने घेतली. मात्र प्रवाह एकाच दिशेने वाहतो आहे असे समजू नये. सुझुकीच्या जिम्नीच्या तिसऱ्या पिढीत बटणे आली होती. 2018 साली चौथी पिढी काढताना कंपनीने विचारपूर्वक दांडा परत आणला, आणि 2023 मध्ये भारतात आलेल्या जिम्नीतही तोच आहे. ती पिकअप नव्हे, पण मोठ्या कारखान्याने दिलेला हा उलट निर्णय नोंदण्यासारखा आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, जी गाडी मुख्यतः डांबरी रस्त्यावर धावते, अनेकांच्या हाती असते आणि वर्षातून मोजक्याच वेळा चार चाकांवर जाते, तिला कळ अधिक योग्य. तिचा चालक ज्या चुका करण्याचा संभव आहे त्या कळ रोखते. ज्या गाडीला वस्तीपासून दूर, जेथे ओढून काढावयास दुसरी गाडी येणे कठीण अशा मुलखात काम करावयाचे आहे, आणि जिचा चालक तीच गाडी वर्षानुवर्षे चालवीत आहे, तिला दांडा आणि हाताचे हब यांवाचून दुसरे काही मी सुचविणार नाही. आणि कारखानदारांनी कळ देताना निदान एका ठिकाणी, हबवर म्हणा किंवा पेटीवर म्हणा, पान्याने किंवा हाताने काम करण्याची मुभा ठेवलीच पाहिजे. ती न ठेवणे ही काटकसर नव्हे, ग्राहकावर लादलेली जोखीम आहे.

ज्या वाचकाकडे अशी गाडी आहे त्याला, ती दांड्याची असो वा कळीची, एक विनंती आहे. ही यंत्रणा वापरून जितकी बिघडते त्याहून अधिक न वापरल्याने बिघडते: दांड्याचे सांधे धरतात, हबमधले ग्रीस घट्ट होते, मोटार जागच्या जागी अडकते, पुढच्या अ‍ॅक्सलच्या वरच्या भागात तेल पोहोचत नाही. टोयोटाच्या सूचना-पुस्तिकांत महिन्यातून निदान 16 किलोमीटर गाडी चार चाकांवर चालविण्यास सांगितलेले असते, ते याचसाठी. तेव्हा दर महिन्याला मातीचा किंवा ओला सरळ रस्ता पाहून चारही चाके जोडावी, तेवढे अंतर चालवावे, थांबून फोर-लोही एकवार लावून पाहावी, आणि घरी परतण्यापूर्वी चाके पुरती सुटली आहेत याची खात्री करून घ्यावी. आणि हे पावसाळ्याच्या तोंडावर तर चुकवूच नये.